आठ सेंटिमीटरचा सदाशिव

बिराजदार सरांनी एक कोरा खडू टेबलावर उभा केला आणि म्हणाले, "हा सदाशिव."

वर्ग हसला. खडू पडला. सरांनी तो परत उभा केला.

"उंची आठ सेंटिमीटर. मुळात हा चांगला एकशे साठ सेंटिमीटरचा माणूस होता. मग काय झालं ते तुम्ही ठरवा. कुणाचा शाप लागला, औषध चुकलं, काहीही. आता तो वीसपट लहान झालाय आणि तुमच्या घरी राहायला येतोय. त्याला तुमचं घर केवढं दिसेल?"

मी तेव्हा सातवीत होते. आता दहावीत आहे. फळ्यासमोर उभी राहून प्रमेय सिद्ध करते, अडले तर पुसून पुन्हा करते आणि मागच्या बाकावरचे हसले तर त्यांनाच पुढची पायरी विचारते. पण सातवीत भूमितीच्या तासाला माझं एकच काम असायचं, पुढच्या मुलीच्या पाठीआड मावणं. पुढची मुलगी बारीक होती, त्यामुळे तेही धड जमत नसे. गोष्टी मात्र मला येत. गृहपाठ का झाला नाही याच्या मी इतक्या गोष्टी सांगितल्या होत्या की सरांनी एकदा, बंडगरची शेळी आत्तापर्यंत पाच वह्या खाऊन बसलीय, असा हिशोब काढला होता.

म्हणून सर जेव्हा म्हणाले की या वेळी प्रमाणाचा धडा गोष्ट लिहून शिकायचा, तेव्हा मी पहिल्यांदाच पाठीआडून डोकं बाहेर काढलं.

काम असं होतं. आपण राहतो ती एक खोली टेपनं मोजायची आणि तिथला सदाशिवचा एक दिवस लिहायचा. गोष्टीत मापं द्यायची ती सदाशिवला दिसतील तशी, म्हणजे वीसपट. वीस सेंटिमीटरची पायरी त्याच्या लेखी चार मीटरचा कडा. लिहून झालं की वह्यांची अदलाबदल. ज्याच्या हाती वही येईल त्यानं प्रत्येक माप वीसनं भागून खरी खोली शोधायची, तिचा आराखडा काढायचा आणि शेजारी मापांचा तक्ता लिहायचा. आराखडे शनिवारी पालकसभेला व्हरांड्यात लागणार होते. अचूक तीन तालुक्याच्या प्रदर्शनाला जाणार होते.

सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: गोष्ट खोटी चालेल, मापं खोटी चालणार नाहीत.

माझ्या गोष्टीत सदाशिव आमच्या शेळीच्या पाठीवर बसून बाजाराला गेला. मी ती सरांना आधीच वाचून दाखवली, तर ते म्हणाले, "गोष्ट झकास. खोली कुठाय?"

बुधवारी वह्या बदलल्या. सरांनी आधी प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर, न वाचता, सही ठोकली. कारण मागच्या वेळी अदलाबदल झाल्यावर पोरांनी एकमेकांना आकडे सांगून खाडाखोड केली होती. मग चिठ्ठ्या काढल्या. मला नंदिनी ऐवळेची वही आली.

नंदिनी म्हणजे आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या छबूमावशींची मुलगी. शाळेत कुणीही कितीही लवकर या, मावशींची चूल पेटलेली आणि नंदिनीच्या वेण्या घातलेल्या. हेडसर प्रार्थनेनंतर दर सोमवारी तिचं उदाहरण द्यायचे. वेळेवर येणं म्हणजे काय ते ऐवळेकडून शिका म्हणायचे. नंदिनी मान खाली घालायची. आम्हाला वाटायचं, लाजतेय.

संध्याकाळी मी वही उघडली. सरांनी एकटाच सदाशिव दिला होता, हिनं त्याला आईसुद्धा दिली होती. आईही तेवढीच, आठ सेंटिमीटरची. दोघं एकशे ऐंशी मीटर लांब आणि एकशे वीस मीटर रुंद मैदानात राहत होती. त्या मैदानाच्या एका कडेला नव्वद मीटर लांबीचा दगडी डोंगर होता आणि डोंगरमाथ्यावर एका ओळीत तीन तलाव होते. तिन्ही पांढरे, चौकोनी, आठ आठ मीटरचे. पाणी एकातही नव्हतं. सदाशिव मधल्या तलावात झोपायचा, कारण तिथं वारा लागत नसे. आणि रोज संध्याकाळी सदाशिव आणि त्याची आई एक चाळीस मीटर लांबीचं लाकडी जहाज दोघं मिळून ढकलत दारापर्यंत न्यायची. दाराला आतून कडी नव्हती. जहाज आडवं लावलं की दार बाहेरून उघडत नसे. सकाळी उजाडायच्या आत ते परत जागेवर ढकलायचं, म्हणजे कुणाला काही कळणार नाही.

गोष्ट चांगली होती. मला थोडा रागच आला.

मी भागाकाराला बसले. तेवीस मापं होती. एकशे ऐंशी भागिले वीस, नऊ मीटर. एकशे वीस भागिले वीस, सहा. डोंगर म्हणजे साडेचार मीटरचा ओटा, तलाव चाळीस सेंटिमीटरचे, जहाज दोन मीटरचा बाक. एका भिंतीला सहा खिडक्या, प्रत्येकी एक मीटर. सगळं कसं स्वच्छ सुटत होतं. एकाही भागाकाराला शेपूट राहिलं नाही. मी एक सेंटिमीटरला अर्धा मीटर धरून आराखडा काढला, अठरा बाय बारा, आणि दोनदा पट्टी लावून पाहिला. तालुक्याला जायचं तर कुठला ड्रेस, इथपर्यंत माझं ठरून झालं होतं.

तेवढ्यात आण्णा कामावरून आले. माझे वडील गवंडी आहेत. पायाला सिमेंट तसंच ठेवून ते चहा घेऊन माझ्यामागे उभे राहिले.

"कुणाची खोली म्हणायची ही?"

"नंदिनीची. छबूमावशींची मुलगी."

आण्णांनी बशी जमिनीवर ठेवली आणि कागद उचलून डोळ्यांजवळ नेला.

"नऊ बाय सहा? घरात एवढी खोली कोण बांधतंय? आन एका अंगाला सहा खिडक्या. ही शाळेची खोली हाय, नायतर सोसायटीचं गोडाऊन. तुझा भागाकार चुकलाय बघ."

ते हातपाय धुवायला गेले. मी तेवीसच्या तेवीस भागाकार पुन्हा केले. आयुष्यात पहिल्यांदा माझं एकही उत्तर चुकलं नव्हतं.

मग मी ओट्यावरच्या त्या तीन चौकोनांकडे पाहिलं. पाचवीत असताना मी त्यातल्या एकात हात धुतले होते. बिराजदार सर तेव्हा विज्ञानही शिकवायचे आणि त्यांनी लिंबाच्या रसात बुडवलेला निळा कागद लाल करून दाखवला होता. ती जुनी प्रयोगशाळा. प्रयोगशाळा नव्या इमारतीत गेल्यापासून शाळेच्या मागच्या अंगाला ती खोली बंद होती. तिला बाहेरून कुलूप असायचं. निदान आम्ही शाळेत असायचो तेव्हा तरी असायचं.

मी पेन्सिल खाली ठेवली.

शाळा साडेदहाची. दुसऱ्या दिवशी मी आठला गेले. आण्णांना सांगितलं, पाठांतर आहे. फाटक नुसतं लोटलेलं होतं. मागच्या नळावर नंदिनी केस धूत होती. अंगावर गणवेश नव्हता, घरातला फ्रॉक होता. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं आणि दोरीवर एक साडी वाळत होती.

तिनं केस पिळले आणि माझ्याकडे पाहिलं.

"आज लवकर आलीस."

"तू रोजच येतेस," मी म्हणाले.

शेडखाली छबूमावशी कांदा चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण विळीचा आवाज थांबला.

"बंडगरांची ना गं तू?" त्या म्हणाल्या. "चहा टाकू?"

मी पिऊन आलेय म्हटलं. विळी परत सुरू झाली.

मी दप्तरातून आराखडा काढला आणि नंदिनीपुढे धरला. ओले हात लागू नयेत म्हणून ते तिनं मागे घेतले आणि वाकून पाहिलं.

"बरोबर आलाय," ती म्हणाली. "ओळखलंस कशावरून?"

"तलाव."

"मला वाटलं तलाव म्हटलं की कुणाला कळायचं नाही."

"अगं पण लिहिलंस कशाला? दुसरं काहीतरी मोजायचं. आमचं घर मोजलं असतंस, मी टेप धरली असती."

"सर म्हणाले, तुम्ही राहता ती खोली." तिनं केसांना पंचा गुंडाळला. "आणि मापं खोटी चालणार नाहीत म्हणाले."

ती असली मुलगी होती. मी असते तर राजवाडा लिहिला असता.

मग तिनं बाकीचं सांगितलं, पाढे म्हटल्यासारखं. वडील गेले. उन्हाळ्यात चुलत्यानं घराला कुलूप लावलं. शिपाई पोपटमामांनी या खोलीची किल्ली दिली, दिवाळीपर्यंत काहीतरी बघा म्हणाले. दिवाळीला अजून दीड महिना होता. हेडसरांना माहीत नव्हतं. गेल्या वर्षी शाळेच्या गच्चीवर दोन दिवस झोपलेल्या रंगाऱ्याला हेडसरांनी सामानासकट फाटकाबाहेर काढलं होतं, ते आम्ही सगळ्यांनी खिडकीतून पाहिलं होतं.

"शनिवारी हेडसर व्हरांड्यातून फिरणार," ती म्हणाली. "आईचं काम जाईल. पोपटमामांचंपण."

"मी आराखडा देतच नाही."

"नाही दिलास तर सर वही मागतील. वहीवर सही आहे."

ते खरं होतं. मनानं दुसरीच खोली काढावी म्हटलं, तर तेवीस मापं एकमेकांना जुळवून घ्यायला हवी होती आणि तेवढं डोकं मला तेव्हा नव्हतं. मला आण्णा काय म्हणाले ते आठवलं. घरात एवढी खोली कोण बांधतंय.

"छोटी करते," मी म्हणाले. "वीसच्या जागी चाळीसनं भागते. साडेचार बाय तीन. घरातली खोली तेवढीच असते. मग ती प्रयोगशाळा कुठनं राहील?"

"सरांनी विचारलं तर?"

"भागाकार चुकला म्हणेन. माझ्याबाबतीत कुणालाही पटेल."

नंदिनी पहिल्यांदा हसली. मग तिनं विचारलं, "आणि तालुक्याचं?"

उत्तराऐवजी मी तिला आमच्या शेळीचा सहाव्या वहीशी काय संबंध आहे ते सांगितलं.

वर्गात कुणी यायच्या आत मी मागच्या बाकावर बसून नवा आराखडा काढला. नऊ बाय सहा सेंटिमीटर. तिन्ही बेसिनं बोटाच्या नखापेक्षा लहान झाली. त्यावर मी लिहिलं, हंडे ठेवायची जागा. तक्त्यात तेवीसच्या तेवीस आकडे निम्मे करून मांडले. छान दिसत होतं. बरोबर आराखडा मी चौकोनी घडी करून कंपासपेटीत ठेवला.

शुक्रवारी खेळाच्या तासाला सरांनी मला वर्गात थांबायला सांगितलं. बाहेर खो-खो चालला होता. सर टेबलाशी बसले होते, पुढ्यात माझा कागद.

"दार," सर म्हणाले. "उंची एक मीटर पाच सेंटिमीटर."

"हो सर."

"तुझी उंची किती?"

"एक मीटर अठ्ठेचाळीस."

"म्हणजे ऐवळेकडे जायचं तर तुला रांगावं लागेल."

दाराची उंची आराखड्यात दिसत नाही, तक्त्यात दिसते. मी तक्ता विसरले नव्हते. तो इतक्या निष्ठेनं निम्मा केला होता की मधे कुठे थांबायचं असतं हेच लक्षात आलं नव्हतं.

"ओटा चाळीस सेंटिमीटर उंच," सर पुढे म्हणाले. "माउली बसून भाकरी थापतात वाटतं."

"भागाकार चुकला सर."

"कुठला?"

"सगळेच."

"हं." सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "पंधरा वर्षं वह्या तपासतोय, बंडगर. चुकणारं पोर इथं शून्य खातं, तिथं हातचा विसरतं. तेवीस ठिकाणी एकसारखं चुकायला भूमिती यावी लागते."

माझ्याकडे तयार असलेल्या गोष्टींपैकी एकही त्या मापाची नव्हती.

सरांनी कागद फिरवून माझ्याकडे केला.

"लहान केलं म्हणून आकार बदलतो का?"

"नाही सर."

"मग काय बदलतं?"

"नुसतं माप."

"सहा खिडक्या सहाच राहतात. तीन बेसिनं तीनच. ओटा भिंतीच्या निम्म्यात आहे, तो निम्म्यातच राहतो. त्या ओट्याशी मी अकरा वर्षं उभा होतो." ते खिडकीबाहेर बघत होते. तिथून प्रयोगशाळेचा एक कोपरा दिसतो. "तो ओटा मला पोस्टाच्या तिकिटावर काढून दाखवलास तरी ओळखेन."

बाहेर कुणीतरी खो दिला. मी कंपासपेटी दोन्ही हातांनी धरून उभी होते. सरांनी हेडसरांना सांगितलं तर काय काय होईल ते मी मनात ओळीनं लावत होते, पहिल्यांदा मावशी, मग पोपटमामा, मग नंदिनी कुठल्या गावच्या कुठल्या शाळेत.

"आणि हा बाक दारासमोर आडवा का काढलास?"

"गोष्टीत तसाच आहे सर."

"का?"

"सदाशिव आणि त्याची आई रोज संध्याकाळी ढकलून लावतात. सकाळी उजाडायच्या आत परत काढतात." मी थांबले. सर वाट बघत होते. "दाराला आतून कडी नाही."

सर बराच वेळ त्या आडव्या रेघेकडे बघत बसले. मग त्यांनी लाल पेन उघडलं आणि माझ्या आराखड्यावर मोठं शून्य काढलं. शेजारी लिहिलं, भागाकार चुकला, व्हरांड्यात लावू नये. खाली सही केली. कागदाची घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली.

"ऐवळेची वही माझ्याकडे आणून दे. प्रदर्शन होईपर्यंत कपाटात राहील. किल्ली माझ्याजवळ असते."

"हो सर."

"बरोबर आराखडा असेल ना?"

मी कंपासपेटी उघडून तो दिला. सरांनी टेबलावर पसरला, पट्टी काढली आणि एकेक भिंत मोजली. अठरा. बारा. ओटा नऊ. ते नुसती मान हलवत होते. सगळं मोजून झाल्यावर त्यांनी तो परत माझ्या हातात दिला. लाल पेन त्याला लावलं नाही.

"ह्यात एक गोष्ट राहिलीय," ते म्हणाले. "दाराची कडी."

"कडी नाहीये सर. गोष्टीत तसं लिहिलंय."

"सोमवारी असेल."

ते उठले, खडूचा डबा घेतला आणि गेले.

शनिवारी व्हरांड्यात एकावन्न आराखडे लागले. हेडसरांनी प्रत्येकासमोर थांबून पालकांना प्रमाण समजावून सांगितलं. आण्णा आले होते. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे पाहिले, परत पहिल्यापासून पाहिले आणि विचारलं, तुझा कुठाय? मी म्हटलं, भागाकार चुकला. ते म्हणाले, सांगितलं होतं मी.

सोमवारी प्रार्थनेनंतर हेडसरांनी वेळेवर येण्याबद्दल नंदिनीचं उदाहरण दिलं. तिनं मान खाली घातली. या खेपेला मीही घातली.

मधल्या सुट्टीत आम्ही ओळीनं ताटं घेऊन बसलो होतो. छबूमावशी वाढत आल्या. माझ्या ताटात त्यांनी एक पळी खिचडी घातली, पुढे गेल्या, परत आल्या आणि आणखी एक घातली. नंदिनी येऊन माझ्याशेजारी मांडी घालून बसली. तिच्या बोटांना ताज्या ऑइलपेंटचा वास येत होता.

तिनं पहिला घास खाल्ला, पाणी प्यायली आणि समोर बघत म्हणाली, "जमिनीपासून एक मीटर दहा."

मी हात धुऊन आले, आराखडा उघडला आणि तक्त्याखाली चोविसावी ओळ आखली. कडी, आतून, एक मीटर दहा. सवयीनं वीसनं गुणूनही पाहिलं. बावीस मीटर. सदाशिवचा हात काही पोचला नसता. पण त्याच्या आईनं त्याला खांद्यावर घेतलं असतं, तर जहाजावर शिडी लावून कदाचित जमलं असतं, असं मी नंदिनीला म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. तिनं मनात भागाकार केला असावा. "आईच लावते. माझा हात पोचतो, पण तीच लावते."